तिसऱ्या खिडकीचं खालचं तावदान

शुक्रवार, १७ जानेवारी

दादा,

पेटीतला पेंढा उपसताना हाताला कागद लागला. मला वाटलं कारखान्याची पावती असेल. उघडला तर तुझं अक्षर. चौदा महिन्यांनी.

वर मायना काय लिहायचा ते मास्तरांनी शिकवलं होतं, पण पळून गेलेल्या भावाला काय लिहायचं ते त्या धड्यात नव्हतं. म्हणून नुसतं दादा.

तू लिहिलंयस, जमलं तर दोन ओळी लिही. लिहायला जमतं मला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली म्हणून अक्षरं सुटली नाहीत. बोलायला सांगितलं असतंस तर पंचाईत होती. घराबाहेर माझं तोंड उघडत नाही, गल्लीत मला अजून मुकीच म्हणतात. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी बोटांनी माप विचारते, ते पण बोटांनीच सांगतात. काम होतं.

नदीपलीकडे काचेच्या कारखान्यातच तू पेट्या भरतोस हे वाचून मात्र हसू आलं. काच कापत जन्म काढणार नाही म्हणून घर सोडलंस, समितीचा चिटणीस झालास, एकवीस महिने गाव चालवलंस, आणि आता आपल्याच दुकानाच्या काचांना पेंढा लावतोस. बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, फिरून फिरून भोपळे चौकात. पण सांगितलेलं नाही. तुझा विषय घरात निघत नाही.

सगळे कसे आहेत विचारलंस. बाबा बरे आहेत. आई बरी आहे. मी बरी आहे. दुकान चालू आहे, लोकांच्या काचा फुटायच्या थांबत नाहीत.

एक नवीन आहे. शाळेच्या दोन खोल्या परत मिळणार. आख्खी शाळा नाही. तुमच्या समितीनं ती कचेरीला घेतली, आताच्यांनी कचेरीच ठेवली, पाटी तेवढी बदलली. पण मागच्या अंगाच्या दोन खोल्या, म्हणजे माझा आठवीचा वर्ग आणि त्याला लागून भूगोलाचा, मास्तरांनी मागून घेतल्या. कचेरीतल्या साहेबाच्या दारात चाळीस वेळा गेले म्हणे. एक्केचाळिसाव्या वेळी साहेब कंटाळला. ३ मार्चला वर्ग सुरू. चौदा तावदानं फुटलीत, ती आपण बसवणार.

मास्तर म्हणजे आपले गणिताचे. खोकतात खूप आता.

हे पत्र रिकाम्या पेटीत तळाला ठेवते. ट्रकवाले काका बुधवारी भरलेली पेटी उतरवतात, शनिवारी रिकामी नेतात. ते काही विचारत नाहीत. असा माणूस मला आवडतो.

तुझी धाकटी


शुक्रवार, ३१ जानेवारी

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि तू सांगितलंस तसं शेगडीत टाकलं.

मला नीट कळलंय का ते लिहिते. २६ फेब्रुवारीला, चौकात लोक उतरले त्याला तीन वर्षं होतात. त्या दिवशी सकाळी दहाला लोक पुन्हा कचेरीसमोर जमणार. पहारेकरी पुढे धावणार. तेव्हा तू आणि आणखी चौघं मागून, माझ्या वर्गाच्या तिसऱ्या खिडकीतून आत शिरणार. त्या खिडकीचं खालचं तावदान मी खिळे न मारता बसवायचं. पुट्टीत तेल जास्त घालायचं, म्हणजे ती वाळणार नाही. तुम्ही बोटानं पुट्टी उकरणार, काच अलगद काढून गवतावर ठेवणार, हात घालून कडी उघडणार. आवाज नाही. मग कचेरी तुमची.

कोणाला ओरखडा येणार नाही असं तू लिहिलंयस. आणि बाबांना कळू देऊ नकोस असं दोनदा.

ते चौघं कोण हे लिहिलं नाहीस. मला कळून उपयोग नाही म्हणतोस. ठीक आहे. पण मग उद्या काही बदललं तर निरोप द्यायला मला तुझ्याखेरीज कोणी नाही, आणि तुझ्याकडे पेटीखेरीज वाट नाही, एवढं लक्षात ठेव.

आणि मागच्या पत्रात बाबा बरे आहेत लिहिलं ते. तसे बरे आहेत. दिसत नाही एवढंच. दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. उजेड कळतो, माणूस कळतो, काचेवरची रेघ कळत नाही. वर्ष झालं, काच मीच कापते. ते शेजारी स्टुलावर बसून कान देतात. कापायचा हिरा काचेवरून नीट गेला की एक बारीक आवाज येतो, तो आला नाही की म्हणतात, "थांब. पुन्हा त्याच रेघेवरून नेऊ नकोस. दुसरी काच घे."

परवा शाळेतलं पहिलं तावदान बसवलं. पुट्टी भरून झाली आणि मी सरकून उभी राहिले, त्यांनी ओल्या पुट्टीत अंगठा लावावा म्हणून. तर म्हणाले, "ह्या वेळी तू लाव."

मी म्हटलं, "दुकान तुमचं आहे."

"काच कोणी कापली?"

"मी."

"खिळे कोणी मारले?"

"मी."

"मग मी अंगठा लावून काय खोटी साक्ष देऊ? लाव."

मी लावला. खालच्या डाव्या कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूनं, ते लावतात तसा. माझा फारच बारीक दिसतो.

तुला आठवतं ना तो नियम. चारही खिळे बसलेत, काच हलवून बघितली आहे, आता हिला कोणी हात लावायचं काम नाही, तेव्हाच अंगठा. तू नऊ वर्षांचा असताना घाईनं खिळ्यांआधीच लावलास आणि आख्खी काच हातावर आली. तुझ्या अंगठ्यावरचा आडवा वण त्याचाच. बाबांनी आधी मलमपट्टी केली, मग थोबाडीत दिली. क्रम बरोबर होता.

तावदानाचं मी अजून काही ठरवलेलं नाही.

धाकटी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दादा,

तू चिडलास. चिडल्यावर तुझं अक्षर उजवीकडे पळतं.

मी भित्री आहे, कबूल. पण शाळा पण मी भीतीनंच सोडली, चार पोरांसमोर तोंड उघडायला लागतं म्हणून, असं जे तू लिहिलंस, आणि वर अंगठाबहाद्दर म्हणालास, त्याबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. अडीच वर्षं राहिलं.

तुम्ही शाळा घेतलीत तेव्हा म्हणाला होतात, एक महिना. मास्तरांनी किल्ली दिली नाही म्हणून त्यांना सात आठवडे कोंडलंत, त्या कागदावर सही तुझी होती, ते सगळ्या गावाला माहीत आहे. मी ते विचारत नाही. मी माझं सांगते. पाच महिने झाले तरी शाळा उघडेना तेव्हा मी तुला भेटायला आले होते. घरी तू येतच नव्हतास. व्हरांड्यात रांग होती, माझा नंबर एकोणीस. आत माझ्याच वर्गात तू टेबल टाकून बसला होतास. दारातून तुझं कोपर दिसत होतं.

मास्तर मला म्हणायचे, तुला बोलता येत नसेल तर लिहून दाखव, फळा आहे कशाला. म्हणून मी अर्ज लिहून नेला होता. आमचा वर्ग कधी भरणार, एवढंच. दारावरच्या पोराने विचारलं, "काय काम?" माझं तोंड उघडेना. मी कागद पुढे केला. तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. कागदावर शिक्का, विचाराधीन. खाली तुझी सही.

वर माझं नाव होतं, दादा. आपलंच आडनाव. तू वाचलं नव्हतंस.

तो कागद आहे माझ्याकडे. भांडायला ठेवलेला नाही, फेकवला नाही म्हणून राहिला.

आता सगळं तुझ्यावर ढकलते असं नको वाटायला. चौकातल्या त्या पहिल्या आठवड्यात मी पण होते. तुझ्यामागे आठ-दहा माणसं सोडून. चौथ्या दिवशी सगळे ओरडत होते आणि मी पण ओरडले. माझा आवाज मला ऐकू आला. इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या बाईनं वळून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तसं पुन्हा कधी झालं नाही. पण झालं होतं, ते मी नाकारत नाही.

आणि आईचं. मागच्या आठवड्यात नळावर तो मिशीवाला पहारेकरी आला, तोच, आधीच्यांच्या वेळचा. आधीच्यांकडे होता, मग तुमच्याकडे, आता ह्यांच्याकडे. टोपी तेवढी बदलतो. म्हणाला, "बाजूला व्हा, आधी कचेरीची बादली."

आई म्हणाली, "कचेरीला तहान लागली असेल तर कचेरीनं रांगेत यावं."

बायका हसल्या. आणि तो खरंच मागे जाऊन उभा राहिला. चार वर्षांपूर्वी हीच आई त्याला लांबून बघून रस्ता बदलायची. हे तुमच्यामुळे झालं. बाकी सगळं आलं तसं गेलं, हे कोणाला परत नेता आलं नाही. एवढं तुझ्या बाजूनं लिहिते.

बाबांना मी विचारलं, तुझं नाव न घेता, की पुन्हा असं काही झालं तर बरं होईल का वाईट. ते पुट्टी मळत होते. म्हणाले, "आधीच्यांच्या वेळी बोलायची सोय नव्हती. समितीच्या वेळी सगळेच बोलायला लागले, ऐकायला माणूस मिळेना. आताच्यांनी बोलणाऱ्यांच्या याद्या केल्यात. त्या इमारतीला मी तीनदा काचा बसवल्या, ही चौथी वेळ. घोषणा दर वेळी वेगळी. काच चार मिलिमीटरचीच लागते."

मी म्हटलं, "म्हणजे वाईट?"

"म्हणजे मला माहीत नाही," म्हणाले. "तेल घाल थोडं, कोरडी होतेय."

धाकटी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दादा,

केलं.

काल सकाळी बसवलं. खिळे नाहीत. तेल दीडपट. वरून गुळगुळीत केलंय, बाकीच्या तेरांसारखंच दिसतं. बोट लावलं की आत जातं.

ह्या वेळी आत गेल्यावर पहिलं काम शाळा, असं तू लेखी दिलंस, त्यानं मी तयार झाले नाही. लेखी दिलेल्याचं काय होतं ते सांगणारा तुझ्या शिक्क्याचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. पण पत्राच्या शेवटी, सही करून झाल्यावर खाली, तू "चुकलो" लिहिलंस. तो शब्द आपल्या घरात कोणी वापरत नाही. बाबा काच उलटी कापली तरी म्हणतात, काच तिरकी होती. म्हणून केलं.

दुपारी बाबा काम बघायला आले. बघायला म्हणजे बोट फिरवायला. एकेका तावदानाच्या कडेनं बोट नेतात आणि कोपऱ्यात अंगठा लागला की पुढे सरकतात. तिसऱ्या खिडकीशी थांबले.

"हे राहिलं वाटतं."

"राहिलं," मी म्हटलं.

"खिळे आहेत ना?"

मी पुट्टीच्या डब्याचं झाकण लावायला लागले.

त्यांनी कोपऱ्यातलं बोट काढलं. मग म्हणाले, "लोक मुकी म्हणतात ते काही उगीच नाही," आणि पुढच्या खिडकीकडे गेले. मी खोटा अंगठा लावू शकले असते, त्यांना कळलंही नसतं. नाही लावला. का ते विचारू नकोस.

पेंढ्याखाली एक स्वेटर आहे. तो मी ठेवलेला नाही. पत्र ठेवायला गेले तेव्हा आधीच तिथे होता, घडी घालून. आईला मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. गेला महिनाभर ती रोज माझ्या बाहीवरचा पेंढा काढते आणि गप्प बसते. घरातली खरी मुकी कोण ते आता तूच ठरव.

धाकटी


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुला उद्या मिळालंच पाहिजे. तू रविवारी तिथून निघणार ना, त्याच्या आत.

येऊ नकोस.

मास्तरांनी शाळा पुढे आणली. ३ मार्चच्या ऐवजी ह्या सोमवारी, २४ ला. मी विचारलं का, म्हणजे फळ्यावर लिहून विचारलं. ते म्हणाले, "साहेबाचा काही भरवसा नाही. आज हो म्हणतो, २६ तारीख उलटली की नाही म्हणेल. रिकामी खोली घ्यायला काय लागतं? मुलं बसली की उठवायला जड जातात."

आणि साहेबानं त्यांच्याकडून लिहून घेतलंय की ह्या दोन खोल्यांची एक काच जरी इकडची तिकडे झाली तरी खोल्या परत.

बुधवारी मुलांना घेऊन झाडलोट केली. अकरा आहेत. सगळ्यात लहान सात वर्षांची, तिला शाळा म्हणजे काय ते माहीतच नाही, तिच्या वयात ती उघडीच नव्हती. ती ओल्या फडक्यानं खिडक्या पुसत होती. तिसऱ्या खिडकीशी आली आणि खालच्या काचेवर सगळं अंग टेकून पुसायला लागली. काच हलली. मी बघितलं हलताना. मी धावत जाऊन तिला मागे ओढली. ती इतकी घाबरली की रडलीच, आणि मला सांगता येईना की का ओढलं. मास्तर म्हणाले, "अगं, पुसू दे की तिला." मग त्यांनी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

तू नऊ वर्षांचा होतास. तुझ्या हातावर आली होती.

म्हणजे आता तुझं दहा वाजताचं असं होईल. तुम्ही काच काढून कडी उघडाल आणि आत अकरा मुलं बेरजा करत बसलेली असतील. मास्तरांना तू शेवटचं कधी बघितलंस ते तुला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे तुझी चौकशी एकदाच केली आहे, गेल्या थंडीत. "तुझा भाऊ जेवतोखातो ना वेळेवर?" एवढंच.

ते मला पण ये म्हणतायत. सतरा वर्षांची घोडी मी, बाकं त्या पोरांच्या मापाची. म्हणाले, "शेवटच्या बाकावर बस. तुझं आठवीचं राहिलंय, ते कुठे पळून गेलं नाही."

तुझी वेळ चुकीची आहे का तुझं सगळंच चुकीचं आहे, ते मला ठरवता येत नाही. कदाचित ह्या वेळी तुम्ही शहाणे झाला असाल. कदाचित आताच्यांना कोणीतरी काढायलाच हवं. यादीत कोणाकोणाची नावं आहेत ते मला पण कळतं. पण माझ्या खोलीतून नको. दोन खोल्या मिळाल्यात. आख्ख्या तीन वर्षांत एवढंच मिळालंय.

उद्या मी जाऊन खिळे मारणार. येऊ नकोस.

धाकटी


शनिवार, २२ फेब्रुवारी

दादा,

ट्रक आला नाही.

पुलावर तपासणी बसवली आहे, २७ पर्यंत एक गाडी सोडणार नाहीत. वरचं पत्र हातातच राहिलं. हे कुठे टाकायचं ते पण माहीत नाही. लिहिते आहे कारण दुसरं काही करता येत नाही.

सकाळी शाळेत गेले. मिशीवाला होता पहाऱ्यावर. म्हणाला, "पुन्हा काय?" मी हातोडी दाखवली. "तुमच्या घरात एक जण फोडतो, दुसरा बसवतो, बरा धंदा आहे," म्हणाला. मी हसले. उत्तर दिलं असतं तर आईचं दिलं असतं, पण ते घरी पोचल्यावर सुचलं.

सगळी पुट्टी काढली. काच उतरवली, पुसली, पुन्हा बसवली. चार खिळे. दोन्ही हातांनी दाबून बघितली, हलत नाही. नवी पुट्टी भरली, योग्य तेलाची. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा लावला. जोरानं लावला, जरा जास्तच खोल गेलाय.

दादा, तू येणार. निरोप मिळाला नाही म्हणजे तू येणारच. आणि आलास की आधी त्या कोपऱ्यात बोट लावणार, कारण आपल्या घरात वाढलेला माणूस काचेला दुसरीकडे हातच लावत नाही. तिथे अंगठा लागेल. मग तुला कळेल की मी घाईत विसरले वगैरे काही नाही.

थंडी आहे. बुधवारपर्यंत पुट्टी काही वाळत नाही. तुझ्याकडे पटाशी असेल तर चार खिळे म्हणजे पाच मिनिटांचं काम. ती काच तुला अडवू शकणार नाही. मी अडवते आहे.

शेवटच्या बाकावर बसणार आहे मी. तो तिसऱ्या खिडकीशी येतो.


शुक्रवार, ७ मार्च

दादा,

ट्रकवाले काका आज आले. आले एक दिवस आधीच, मागच्या खेपा चुकल्या म्हणून. पेटी उतरवून झाल्यावर ते जन्मात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "स्वेटर बसतोय म्हणे." एवढंच बोलून गेले. मी आत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाहीला लांब झाला असेल," आणि मग बराच वेळ एकच भांडं पुसत राहिली.

म्हणजे तू सुखरूप परत पोचलास. बाकीचं तुला माहीत आहे, पण तू खिडकीशी आलास तेव्हा माझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

पुढून ओरडायचा आवाज येत होता. मुलं सारखी दाराकडे बघत होती. मास्तर फळ्यावर भागाकार घालत होते. मी खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघतच होते. मग तुझं डोकं आलं. दाढी तुला शोभत नाही. तू मला बघितलंस. तुझ्यामागे गवतात कोणीतरी होतं, त्याची टोपी दिसत होती. तू हातानं विचारलंस, काय हे? आणि मी नेहमीसारखी. मान सुद्धा हलेना. नुसता अंगठा उचलून दाखवला, गिऱ्हाइकाला माप दाखवते तसा.

तू खाली वाकलास. तेव्हा मी मागे बघितलं आणि मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. त्यांनी तुला ओळखलं, दादा. त्यांच्या हातातला खडू थांबला होता. पहारेकरी हाकेच्या अंतरावर होता, व्हरांड्यात. एक हाक पुरली असती. त्यांच्या जागी मी असते, सात आठवडे कोंडलेली, तर मारली असती का नसती, मला सांगता येत नाही.

ते वळले. म्हणाले, "सगळ्यांनी फळ्याकडे बघा. बाकी काय उरली?" मुलं म्हणाली, तीन. "मोठ्यानं." तीन, तीन, तीन. सगळ्या खोलीत तीन झालं. मी वळून बघितलं तोवर तू नव्हतास.

नंतरचं तुला तिकडे कळलं असेल. लोक चार तास उभे राहिले, गोळी चालली नाही, दगड चालले. पुढच्या बाजूच्या नऊ काचा गेल्या. आपल्या गल्लीतल्या दोघांना धरून नेलं, त्यातला एक परवा परत आला. साहेबाची बदली झाली. लोक म्हणतात आपण जिंकलो. काही म्हणतात नवा साहेब येतोय तो ह्याच्या वरताण आहे. मिशीवाल्यानं टोपी अजून बदललेली नाही, तो वाट बघतोय. बाबा म्हणाले, "नऊंचं माप घेऊन ठेव. आत्ता बसवू नकोस. काय ठरतंय ते ठरू दे."

तू आत शिरला असतास तर काय झालं असतं, ह्याचा मी रोज विचार करते आणि रोज दमते. तुझे ते चौघं माझ्यावर चिडले असतील. त्यांचं चूक असेल असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

शाळा दोन दिवस बंद होती. मग भरली. मी जाते. अजून बोलत नाही, फळ्यावर लिहिते. ती सात वर्षांची माझी अक्षरं बघून तिची काढते, वेलांट्या सुद्धा माझ्यासारख्या वाकड्या.

काल मास्तरांनी बाबांना बोलावलं होतं, पुढच्या काचांचं बघायला. जाताना बाबा मागच्या अंगानं गेले, मला घेऊन. पहिल्या खिडकीपासून बोट फिरवत निघाले. तिसऱ्या खिडकीशी आले. कोपऱ्यात बोट थांबलं.

"दोन आहेत," म्हणाले.

मी वाकून बघितलं.

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, सावकाश. एक माझा बारीक. त्याच्या शेजारी दुसरा, रुंद, आणि मधोमध आडवी रेघ. त्या रेघेवरून त्यांनी तीनदा बोट नेलं. मला वाटलं आता पुट्टी उकरायला सांगतात.

"खिळे बघून लावलाय का ह्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "ह्या वेळी बघून लावला."

"मग राहू दे," बाबा म्हणाले. "रंगवाल्याला सांग, तेवढा कोपरा सोडायचा."

पत्र पेटीत तळाला आहे. वर आईनं मोजे ठेवलेत.

धाकटी